वझे काकांचा लाल टॅग

वझे काकांनी मला मशीनच्या नॉबवरून हात काढायला लावला, त्या मिनिटाला माझं सगळं बदललं.

आज पहाटे ते गेले. हार्ट.

सोनागिरीतल्या ज्या फिजिओ क्लिनिकमध्ये मी हेल्पर आहे, तिथे ते सुजलेलं कोपर घेऊन आले होते. टाउनशिपच्या कारखान्यात उभा जन्म पाना फिरवलेला माणूस, आणि इंजेक्शनला घाबरायचा.

म्हणून आमच्या फिजिओ मॅडमनी करंटवाली ट्रीटमेंट सांगितली. सूज उतरवणारं औषध पॅडवर, पॅड कोपरावर, दुसरा पॅड दंडावर. मग अगदी हलका करंट. तो औषधाला कातडीतून आत ढकलतो.

किती द्यायचा ते मॅडम ठरवायच्या. शेजारी बसून नॉब हळूहळू चढवणं माझं काम.

ते ऋताचे बाबा, हे मला माहीत होतं.
मी ऋताचा कोण, हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत होतं.

करंट नुकताच सुरू झालेला. काका शांतपणे म्हणाले, "प्रोफेसरशी भांडून फिजिओथेरपी अर्धी सोडलीस ना तू? अशा मुलाला मी मुलगी देणार नाही."

डोकंच फिरलं. माझा हात नॉबवर. त्यांचं कोपर वायरीला.

आत्ता काय होऊ शकतं, दोघांनाही कळलं.
ते हलले नाहीत. मॅडमना हाकही मारली नाही.

"हात काढ. रागात पॅनलला हात लावायचा नाही. आमच्या वर्कशॉपचा नियम आहे."

काढला.

स्कूटरच्या किल्लीला बांधलेला लाल पत्र्याचा टॅग त्यांनी सोडवला आणि नॉबला अडकवला. 'काम चालू है', खाली त्यांचं नाव. म्हणाले, बंद केलेल्या लाइनवर माणूस काम करत असतो, म्हणून ज्याचा टॅग त्यानेच काढायचा. शिफ्ट बदलली तर आधी नव्या माणसाचा टॅग लागतो, मगच जुना निघतो.

 

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, औषध आत जातं कसं? मी तोंड वाकडं करून सांगितलं, औषध निगेटिव्ह, वायर पण निगेटिव्ह. सारखं सारख्याला ढकलतं.

"मतलब, तू आणि मी."

यार, मला त्या माणसासमोर हसायचं नव्हतं.

त्यांनी टॅग काढला. "चल, चढव आता."

पुढे प्रत्येक वेळी आधी माझं तोंड बघायचे. फुगलेलं दिसलं की टॅग.

शेवटच्या दिवशी कोपर मोकळं झालं होतं. जाताना टॅग मशीनच्या हँडलला बांधला. "कॉलेज पूर्ण कर, मग मी येऊन काढतो. त्या दिवशी घरी चहाला ये. ऋताचं काय म्हणणं आहे, ते तिलाच विचारू."

मी म्हटलं, बघू.

आज घाटावर ऋता जवळ आली. रडून डोळे सुजलेले.
"टॅग आहे अजून?"
"आहे."
बस्स. एवढंच.

तिथून सरळ क्लिनिकवर आलो. मॅडम म्हणाल्या, टॅग काढून ऋताच्या आईला नेऊन दे. माझा आवाज चढला. टॅगकडे गेलेला हात मागे घेतला.

मग कापसाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, माझं नाव लिहिलं, तो त्यांच्या टॅगखाली बांधला.
त्यांचा नाही काढला.

मॅडमना सांगितलं, उद्यापासून येणार नाही. कॉलेजला चाललोय, त्या प्रोफेसरच्या पाया पडावं लागलं तरी.

काका, चहा राहिला. याचा राग आहेच.
पण लाइनवर आता मी आहे. तुम्ही निवांत जा.

बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.