किती खातंय बघू

"किती खातंय बघू," असं म्हणत आमचे घरमालक काका दार न वाजवताच आत यायचे. हातात वीज मोजायचं तळहाताएवढं मीटर. ते बोर्डात खोचायचं, त्यात माझ्या वस्तूची पिन घालायची, दिसेल तो आकडा पक्क्या मार्करने त्याच वस्तूवर लिहायचा. ऑफिसच्या लॅपटॉपवरही त्यांनी ठसठशीत '६०' लिहिलं. आता कंपनीला काय सांगायचं, तुम्हीच सांगा!

घोटावड्यात त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहत होतो. वीज गेली की तासन्‌तास यायची नाही. अख्ख्या घराला एकच लहानसा इन्व्हर्टर, आणि पुढच्या खोलीत त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, ऑक्सिजनचं मशीन. ते थांबून चालणार नव्हतं.

सगळं कबूल. पण म्हणून माणसाला किती छळावं? छताच्या पंख्याला पिन नाही, तो मीटरला लागेना, तर ऐन मे महिन्यात तो उतरवून दोन दिवस ओट्यावर ठेवला. फ्रिज मधूनमधून बंद होतो, म्हणून आकड्यावर डोळा ठेवून त्याच्यासमोर पाट टाकून बसले. मला दूध काढू देईनात.

"दार उगडलं की जास्ती खातोय त्यो. दम धरा की साहेब."

मी कोरा चहा प्यालो.

"दुसऱ्याच्या ताटात असं बघत्यात व्हय?" काकू आतून ओरडायच्या आणि तेवढ्यानेही त्यांना धाप लागायची.

शेवटी मी इतका वैतागलो, की नवी आणलेली विजेची किटली कपाटात दडवली. एक तरी वस्तू बिनआकड्याची राहू दे म्हटलं. एका सकाळी वीज गेलेली असताना तीच गुपचूप लावली. इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला. त्याच्याबरोबर काकूंचं मशीनही.

मी धावत पुढच्या खोलीत गेलो. काका जपून ठेवलेला सिलिंडर काकूंना जोडत होते. आता आपलं सामान रस्त्यावर, असं मी धरूनच चाललो. काकूंचा श्वास सुरळीत झाल्यावर मी किटलीचं सांगून टाकलं, तसे ते माझ्याकडे वळले.

"ती मोजायची ऱ्हायली व्हती. माजीच चूक."

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी किटली स्वतःच नेऊन दिली. तिच्यावर '६००' लिहून त्यांनी ती परत केली.

दिवाळीआधी काकू गेल्या. तेराव्यानंतर एका दुपारी काकांनी पहिल्यांदाच माझं दार वाजवलं. वीज नव्हती. त्यांच्या हातात मीटरही नव्हतं.

"साहेब, लावा तुमची किटली. इन्व्हर्टरवर आता लई जागा हाय."

मी लावली. पाणी उकळेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. इन्व्हर्टरने हूं की चूं केलं नाही.