मंगळवारची प्रिंट

मुलाच्या काकाने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि बाबांच्या पुढ्यात टाकला. "वाचा. पोरीला फिट येते, हे कधी सांगणार होतात? लग्न लागल्यावर?"

मी पोह्यांच्या बश्या घेऊन उभी. मुलगा चपला शोधायला लागला. बाबा एवढंच म्हणाले, "आमी काय लपवनार नव्हतो." ऐकायला कोणी थांबलं नाही.

त्या मुलाला मीच सांगणार होते. पुढच्या भेटीत, दोघंच असताना. शब्दसुद्धा ठरवले होते.

कागद आमच्याच हॉस्पिटलचा. रोह्यातल्या त्या छोट्या खाजगी हॉस्पिटलात मी काउंटरवर कॉम्प्युटर सांभाळते, आणि लहानपणापासून उपचारही तिथलेच घेते. कारभार डॉक्टरांच्या बायकोकडे, आमच्या मॅडमकडे. "तू घरचीच मुलगी," म्हणायच्या. मी मूर्खासारखी खूश व्हायचे.

प्रिंट काढणाऱ्याचं नाव कागदाच्या तळाशी छापून येतं. तिथे माझंच नाव होतं. मंगळवार, दुपारी बारा वीस.

मंगळवारी बारा वीसला मी पेणला होते. मॅडमनीच रक्ताचे नमुने देऊन लॅबमध्ये पाठवलं होतं. पण आमच्याकडची रीत अशी की सकाळी पहिली येईल तिने आपल्या पासवर्डने कॉम्प्युटर उघडायचा आणि दिवसभर सगळ्यांनी त्यावरच काम करायचं. पहिली नेहमी मीच. एकदा बंद करून जेवायला गेले, तर मॅडम सगळ्यांदेखत ओरडल्या होत्या, "आमच्यावर विश्वास नाय का गो तुझा?"

होता. तोच तर होता.

मी विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. "त्या मुलाची आई माझ्या भजनी मंडळातली. तिने विचारलं, मी प्रिंट काढून दिली. तिला फसवू काय?"

मग एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. रुग्णांची माहिती कायद्याप्रमाणे जपली जाते का, हे बघायला दुसऱ्या दिवशी तपासणी होती. कागदावर लिहिलं होतं, माझ्या निष्काळजीपणामुळे पासवर्ड उघडा राहिला, हॉस्पिटलचा यात दोष नाही. "सही कर. नोकरीचं आमी बघू."

डॉक्टर समोरच बसले होते. नववीत भर वर्गात फिट आली, कपडे ओले झाले, हे मी फक्त त्यांना सांगितलं होतं. आईलासुद्धा नाही. त्यांनी ते टाईप करून ठेवलं आणि त्या काकाने ते वाचलं. डॉक्टर मोबाईलमधून मान वर काढेनात. मॅडमपेक्षा मला त्यांचाच राग जास्त आला. अजून येतो.

मी पेन उचललं. सही केली नाही. टाईप केलेल्या ओळींवर काट मारली आणि खाली लिहिलं: त्या वेळी मी पेणच्या लॅबमध्ये होते, तिथल्या वहीत माझी सही आहे. माझी फाईल मॅडमनी काढली. इथे एकाच्या पासवर्डवर सगळे काम करतात आणि तसं करायला सांगितलं जातं.

"इतकं केलं तुझ्यासाठी," मॅडम म्हणाल्या.

"मी पण केलंय. पगार फुकट नाय घेतला."

कागद माझ्याकडेच ठेवला. दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या बाईंच्या हातात दिला आणि पोच घेतली. त्या दुपारी मला घरी बसायला सांगितलं.

घरी बसलेली नाही. हॉस्पिटलविरुद्ध लेखी तक्रार केली आहे आणि सुनावणीच्या तारखेला हजर राहणार आहे. मला फिट येते. हे कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते मी ठरवीन. माझं तोंड शाबूत आहे.