जमीन सरकायची तेव्हा

त्या वर्षी मी देवाला हात जोडणं सोडून दिलं होतं. हात जोडायचे तर धरलेली भिंत सोडावी लागायची, आणि भिंत सोडली की मी पडायचे. सुरुवातीला देव्हाऱ्यापुढे भिंतीला टेकून मी नुसतेच ओठ हलवायचे. पुढे तेही बंद झालं. जो आपल्याला पायांवर उभं राहू देत नाही, त्याच्यापुढे उभं राहून बोलायचं तरी काय, असं मनात यायचं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. भोकरदनकडच्या एका लहानशा गावात माझं सासर. घरात मालक, सासूबाई, मी आणि माझी पहिली लेक गंगा. ती अजून रांगायलाही लागली नव्हती. त्या हिवाळ्यात मला ताप आला. तो उतरला, पण जाताना माझा डावा कान घेऊन गेला. त्या कानात लांब कुठेतरी जातं फिरत असावं तशी घरघर चालायची, बाकी काही ऐकू यायचं नाही. मग एके सकाळी मी कूस बदलली आणि सगळं घर फिरलं. आढं खाली आलं, जमीन वर गेली. मी दोन्ही मुठींनी अंथरूण धरलं आणि ओरडले, "धरा मला, मी चालले!"

मालक धावत आले. म्हणाले, "कुठं चालली? तू त निजेल हायेस."

मी निजलेलीच होते, हे मलाही दिसत होतं. पण कोणीतरी पायाला धरून मला दाराकडे ओढत नेतंय असंच वाटत होतं. त्या दिवसापासून माझ्या आयुष्याचे असे दोन तुकडे झाले. डोळे सांगायचे, तू उभी आहेस. आतलं कोणीतरी सांगायचं, तू पडते आहेस. दोघांत खरं कोणाचं धरावं ते कळेना. अंगणात चालताना पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर पाय टाकल्यासारखं व्हायचं. मान वळवली तर मान थांबायची, पण अंगण फिरतच राहायचं. डोळे मिटावेत तर आणखी वाईट. मग धरायला काहीच उरायचं नाही. वैद्यबुवांचे काढे झाले, जालन्याच्या हकिमाच्या पुड्या झाल्या. पोटात काही ठरायचंच नाही, तर औषध कुठून ठरणार?

एक दिवस गंगाला कडेवर घेऊन मी चुलीपाशी उभी होते. एकाएकी वाटलं, आपण डावीकडे कोसळतोय. सावरायला म्हणून मी जोरात उजवीकडे अंग टाकलं. कोसळत मी नव्हतेच. त्या सावरण्यानेच मी पडले आणि लेकरू चुलीच्या तोंडाशी गेलं. तिच्या हाताला चटका बसला. सासूबाईंनी तिला उचललं, जखमेवर तूप लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आजपून लेकराला हात लावू नगं." त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. गंगाला शेळीचं दूध सुरू झालं. माझ्या छातीत दूध दाटून यायचं, दुखायचं आणि पदरात वाया जायचं. शेजारच्या खोलीत ती रडायची. एका कानाने ऐकलं की आवाज कुठून येतो ते कळत नाही. माझी लेक कोणत्या बाजूला रडते आहे, एवढंही मला सांगता यायचं नाही.

त्याहून मोठी विटंबना पुढे होती. मी झुलते, डोळे गरगर फिरतात, हे बघून गावात बोललं जाऊ लागलं, की सूनबाईच्या अंगात येऊन राह्यलंय. सासूबाईंनाही ते खरं वाटलं; आजारापेक्षा देवी बरी, असं त्यांना वाटलं असेल. मग बायका येऊ लागल्या. मी जमिनीला चिकटून पडलेली, तोंडाजवळ ओकारीची थाळी, आणि माझ्या कपाळावर कुंकवाचे मळवट भरले जात होते. मूलबाळ नसलेली एक शेजारीण माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "माय, माझी ओटी कवा भरशील? यकदा तरी बोल." मी तिला काय सांगणार? माझंच लेकरू भिंतीपलीकडे होतं आणि मला त्याच्यापर्यंत चालत जाता येत नव्हतं. मी रडले. ते रडणंही देवीचंच ठरलं.

चतुर्थी आली. सासूबाईंनी ठरवलं, राजूरच्या गणपतीला न्यायचं आणि प्रदक्षिणा घालून त्याला विचारायचं की सुनेच्या अंगात आहे तरी कोण. गाडीत मला आडवं निजवलं, गंगा सासूबाईंच्या मांडीवर. गाडी चालली तेव्हा मला वाटलं आपण जागच्या जागीच आहोत, दोन्ही बाजूंची जवारीची रानंच पळून राह्यलीत. पुढे मी कळवळून म्हणाले, "गाडी थांबवा हो." मालक हळू आवाजात म्हणाले, "गाडी कवाच थांबली. राजूर आलं." त्यांचा चेहरा तेव्हा मी पाहिला. त्यांनी माझी आशा सोडली होती, आणि मीही.

टेकडीच्या पायऱ्या मी हातापायांवर चढले. वर अलोट गर्दी. गंगाला कडेवर घेऊन सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि प्रदक्षिणा सुरू केली. पहिल्याच वळणावर देऊळ उलटं झालं आणि मी फरशीवर आदळले. उलटी झाली. भोवती कडं जमलं, कोणीतरी ओरडलं, "देवी आली, देवी आली!" कोणी कुंकू टाकलं, कोणी पायांना हात लावला. त्या वेळी मी गणपतीला मनातून एवढंच म्हणाले, आता पुरे, मला ने. दुसरं काही मागण्याइतकी ओढच उरली नव्हती.

तेवढ्यात गर्दी ढकलत एक म्हातारी बाई आत आली. थोराड अंगाची, विटक्या लुगड्यातली, पाय धुळीने भरलेले. "सरा बाजूला," ती म्हणाली. "देवी न्हाई, काई न्हाई. घाबरून राह्यली ती, दिसत न्हाई का तुम्हाला?" तिने मला ओढून भिंतीशी बसवलं, शेजारी बसून माझं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं. डाव्या कानाशी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मग तोंड दुसऱ्या बाजूला आणून म्हणाली, "या कानानं येतं ना? माझा उजवा गेला, तुझा डावा."

मी तिचं लुगडं मुठीत धरलं.

"तुला वाटतं, तू पडून राह्यली. आगं, पडायची तेवढी पडली तू. आता जमिनीवर बसेल हायेस. याच्या खाली कुठं पडशील?"

इतक्या महिन्यांत मला काय होतंय हे मी न सांगता ओळखणारं ते पहिलं माणूस. मला हुंदका आवरेना. तिने मान हलू दिली नाही. समोरच्या दारातून शेंदराची मूर्ती दिसत होती. "त्याच्याकडं बघ," ती म्हणाली. "तो बी हलंल. हलू दे. तू बघायचं सोडू नगं." शेंदूर पाळण्यासारखा या टोकाहून त्या टोकाला जात होता. मी बघत राहिले. थांबवायचा प्रयत्न सोडून दिला. बऱ्याच वेळाने त्याचे झोके आखूड झाले.

मी विचारलं, "मावशी, बरं होतं का हे?"

ती म्हणाली, "न्हाई माय. देवाच्या दारात खोटं कशाला बोलू? कमी होतं, मंग पुन्हा येतं. पण त्यानं माणूस मरत न्हाई."

मधे तिचा मुलगा आला. "आई, आरती झाली. गर्दी लई हाये, जल्दी दर्शन घे, गाडी जोडायची." अंबडकडून ती अनवाणी, उपाशी चालत आली होती, परतीलाच काय ते गाडीत बसायचं, असा तिचा नेम होता, हे त्याच्या पुढच्या बोलण्यावरून कळलं. ती म्हणाली, "तुम्ही व्हा म्होरं." आणि माझं डोकं तसंच धरून बसली. ऊन कलेपर्यंत बसली. मग गंगाकडे बघून सासूबाईंना म्हणाली, "लेकरू द्या तिच्याजवळ."

"पाडंल ती," सासूबाई म्हणाल्या.

"बसल्या जागी कुठं पाडंल? पाठीला भिंत हाये, बाजूला म्या हाये."

सासूबाईंनी गंगाला माझ्या मांडीवर ठेवलं. ती मला विसरली होती. आजीकडे हात करून ती रडली, खूप रडली, आणि मग दमून माझ्याच मांडीवर झोपली. तिचं ओझं मांडीवर होतं तेवढा वेळ माझ्याखालची एवढीशी जागा तरी हलली नाही. सासूबाई खाली बसल्या, पदराने माझ्या कपाळावरचा मळवट पुसू लागल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यानंतर आमच्या दारात ओटी घेऊन कोणी आलं तर त्या उंबऱ्यातूनच परत पाठवायच्या.

खालून हाका सुरू झाल्या. म्हातारी उठली. दर्शनाला आत जायला आता वेळ नव्हता. तिने पायरीवरूनच कळसाला हात जोडले. मी विचारलं, "मावशी, गाव कोणतं? नाव काय?" उतरता उतरता तिने वळून काहीतरी सांगितलं. पण ती माझ्या डाव्या बाजूला होती.

पुष्कळ चतुर्थ्या झाल्या, ती पुन्हा दिसली नाही. मालक म्हणायचे, अशा बाया जत्रेत भेटतात. तसंच असेल. मी बरी झाले नाही. गंगाचं लग्न झालं, सासूबाई गेल्या, आणि अजूनही कधी कधी महिनोन् महिने जमीन पायाखालून सरकते. विहिरीच्या वाटेवर, रानात, कुठेही. मी असेन तिथे खाली बसते. लोक बाजूने निघून जातात. माझं चालणं, माझं थांबणं माझ्या हातात आहे असं मी आता धरत नाही, आणि त्यामुळे भीती थोडी कमी वाटते. पूर्ण गेली असं म्हणवत नाही.

राजूरला मात्र जमेल तेव्हा जाते. आत गेल्यावर आधी त्या मावशीच्या वाट्याचं दर्शन घेते, मग माझं. पुष्कळदा तिचं होतं न होतं तोच चक्कर येते, लोक मला बाहेर आणून बसवतात आणि माझं राहून जातं. त्याची मला खंत वाटत नाही.