गाडीतून आवाज जात नाही

गेला हिवाळाभर मी एकच तक्रार घेऊन फिरत होतो: गाडीतून फोनवर बोललेलं पलीकडं ऐकू जात नाही. पलीकडचा बोलतो ते मला चारही स्पीकरमधून लख्ख ऐकू येतं. मी बोलतो ते मात्र, वहिनीच्या शब्दांत, "कोनी इहिरीत बसून बोलल्यावानी" पोचतं.

अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सॉफ्टवेअर नवं टाकून दिलं. जावई आले होते, त्यांनी गाडीत जोडलेले सगळे फोन पुसून ब्लूटूथ पुन्हा जोडलं आणि पुणेरी सफाईनं मला समजावून सांगितलं. बायको म्हणाली, "फोनच बदला ना एकदाचा." मी सगळ्यांसमोर मान हलवत राहिलो. बिघाड कुठं आहे ते मला माहीत होतं. तो मीच केला होता.

माझं घर अमरावतीला, नोकरी अकोल्याला. रोजचं जाणं-येणं गाडीनं, आणि गाडीत एकटा. मोठा भाऊ तेल्हाऱ्याला, आमच्या शेतावर. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्याचा. आमच्याकडं सोयरिकीच्या बैठकीत पहिला शब्दही मोठ्या बाबांचाच, म्हणजे मुलीच्या थोरल्या काकांचाच असतो. मुलीच्या बापानं त्यांच्या शेजारी गुपचूप बसायचं.

मुलीला पुण्याचं स्थळ आलं तेव्हा मी ही रीत मोडली. भाऊ बैठकीत काय बोलेल ते मला आधीच ऐकू येत होतं. "पोरगा घरी किती आनते?" असं तो सरळ विचारणार. मुलाच्या आईला म्हणणार, "काहून वो बाई, खाऊन नाही राह्यल्या?" तंबाखूचा हात पँटीला पुसणार. म्हणून मी त्याला एवढंच सांगितलं, की सहज कुणी येऊन बघून जाणार आहे, पक्कं काही नाही.

पाहुण्यांना आणायला मी बडनेऱ्याला स्टेशनवर गेलो. परतताना गाडीत फोन वाजला आणि सवयीनं स्टिअरिंगवरचं बटण दाबलं गेलं. भावाचा आवाज गाडीभर झाला.

"काय बे लहान्या, पाहुने आले म्हने! वलगावच्या मामानं सांगतलं. मी नवा सदरा घालून बसलो ना इथी. निघू का?"

मागच्या सीटवरचं बोलणं थांबलं.

"हॅलो... अबे बोल ना! मुका झाला का?"

मुलाच्या वडिलांनी अदबीनं विचारलं, "कोण हो?"

"आमच्याकडचा माणूस आहे," मी म्हणालो, "शेताकडं पाहतो."

मग बटण दाबून फोन बंद केला. या दोन गोष्टींचा क्रम मी त्यानंतर मनात किती वेळा उलटा लावून पाहिला असेल! आधी फोन बंद केला, मग बोललो. पण तसं झालं नव्हतं.

संध्याकाळी मीच त्याला फोन केला. "भाऊ, गाडीतून आवाज जात नाही. मी इकडून ओरडून राह्यलो, तुले ऐकूच नाही आलं."

तो म्हणाला, "हो का? असंन बा. मशीनच ते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघण्याआधी मी आतल्या दिव्याजवळ, छताला जी बारीक जाळी असते, तिच्यावर काळी चिकटपट्टी लावली. मायक्रोफोन तिथं असतो. खोटं बोललो होतो, ते निदान खरं व्हावं. एवढाच विचार.

त्यानंतर भाऊ जवळजवळ रोज, माझ्या परतीच्या वेळी फोन करायचा. "लहान्या, शेताकडून बोलून राह्यलो. तुया आवाज नको येऊ, माया तं येते ना? मंग आयक." आणि तो सांगत राहायचा. तुरीला शेंगा कशा लागल्या, वहिनीचा गुडघा, कोणाच्या पोराचं कुठं जमलं. शेताकडून म्हणायचा आणि मागं घरातल्या भांड्यांचा आवाज यायचा. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. शेवटी, "चाल, ठेवतो. हळू चालवजो." मूर्तिजापूर मागं पडलेलं असायचं. मी एक शब्दही बोललेलो नसायचो.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, तो आला. नवा सदरा नव्हता. मी पुढं बोलावलं तर "राहू दे, इथी हवा लागते" म्हणत मागच्या रांगेत बसला.

गेल्या पावसाळ्यात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, बोलता काही येत नाही. रविवारी मी तेल्हाऱ्याला जातो, खाटेजवळ बसतो, संत्रं सोलून देतो. तो माझ्याकडं बघतो. त्या नजरेसमोर खरं काय ते माझ्या तोंडातून निघत नाही. घरून फोन करावा तर बायको जवळ. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून फोन कानाला लावता आला असता, पण गाडीच्या ज्या मायक्रोफोनमधून ते बोललो होतो त्यातूनच बोलायचं, असं मनानं धरलं होतं. संध्याकाळी ऑफिसातून परतताना त्याच्या वेळेला मी फोन लावायचो, वहिनी तो त्याच्या कानाशी धरायची. चारही स्पीकरमधून त्याचा श्वास यायचा. आणि वहिनी म्हणायची, "नाही समजून राह्यलं भाऊजी, मोठ्यानं बोला." जे मोठ्यानं बोलता येत नाही तेच मला बोलायचं होतं.

पट्टी मी त्याला झटका आला त्याच आठवड्यात काढली होती. पण दोन उन्हाळ्यांत तिचा गोंद वितळून जाळीत उतरला होता आणि त्यावर धूळ बसून दगड झाला होता. ते मी सर्व्हिस सेंटरात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पट्टी कुणी लावली हा प्रश्न आला असता.

शेवटी एका संध्याकाळी बोरगावच्या पुढं गाडी कडेला घेतली. घरून शिवणाची सुई आणि कापसाला लावायला थोडं घासलेट आणलं होतं. एकेक छिद्र मोकळं करत बसलो. हात भरून आले. मग फोन लावला.

"वहिनी, येते का आवाज?"

"आता येते भाऊजी. एकदम बाजूले बसल्यावानी."

"भाऊच्या कानाला लावा."

श्वास आला. मी गाडी सुरू केली नाही. समोर बघत सगळं सांगितलं. सदरा, पाहुणे, 'शेताकडं पाहतो', पट्टी. सांगून झालं तरी पलीकडं फक्त श्वास. मग फोन वहिनीनं घेतला असावा.

"भाऊजी, आमाले तवाच मालूम होतं. फोन त्यायच्या कानालेच होता ना. तुमचं बोलनं आयकलं, सदरा काढला, घडी करून ठेवला. मले म्हने, लहान्या पाहुन्यात हाये, त्याले तरास नोको."

"मग मला कधी विचारलं काहून नाही त्यानं?"

"इचारलं ना," वहिनी म्हणाली. "रोज तं फोन करत होते. तुमी काही बोलसान म्हनून."

स्टिअरिंगवरचं बटण बोटाखाली होतं. मी बोट उचलून मांडीवर ठेवलं.

"ठेवू नोका," वहिनी म्हणाली. "मी फोन धरून हाये. बोला तुमी. ते आयकून राह्यले."