पाडव्याच्या दुपारचा सिनेमा

पाडव्याच्या दुपारी टीव्हीवर खास दिवाळीसाठी केलेला एक प्रेमाचा सिनेमा लागला होता. हे सोफ्यावर पेंगत होते आणि मी फराळाचे डबे पुसत पाहत होते. नायिका शहरातून गावी येते, आकाशकंदील करणारा एकजण तिला आवडतो आणि भाऊबिजेच्या आत सगळं जमतं. मध्येच उठून कुकर लावून आलं तरी काही चुकत नाही, हा त्यातला मोठा गुण. दोष म्हणाल तर त्या घरात पणत्या वाऱ्यातही विझत नाहीत, आणि पंधरा माणसं जेवून उठली तरी खरकटी भांडी कुठे दिसत नाहीत. मला हसूच येत होतं. मग नायकाने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि म्हणाला, "दमलीस ना? बस जरा."

माझं हसू थांबलं. सकाळी ओवाळल्यावर यांनी ताटात भारी साडी ठेवली होती. ती परत करून हे एवढंसं वाक्य मागावं, असं क्षणभर वाटलं.

यांनी डोळे किलकिले केले. "जमलं का त्यांचं?"

"जमलं."

"मग आता चहा टाक."

मी उठले.