फॉलोअप आक्का

आमची आत्या उदगीरला आल्यापासून कधी कुणाच्या बरोबरीने चालली नाही. ती मागे चालायची. आणि तेही एकाच माणसाच्या मागे, म्हणजे माझ्या वडिलांच्या. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा घरातून मोंढ्याकडे, धान्याच्या बाजाराकडे, निघाले की थोडं अंतर ठेवून आत्याही निघायची. हातात बारमाही काळी छत्री. आप्पांनी मागे वळून पाहिलं की ती झटकन छत्री उघडून तिच्याआड लपायची. भर रस्त्यात एक काळी छत्री आणि तिच्याखाली लुगड्याचा काठ नि दोन प्लास्टिकच्या चपला, एवढंच दिसायचं. आपण कुणाला दिसत नाही यावर तिचा पूर्ण विश्वास होता. चपला तिच्या पायाला मोठ्या होत्या, त्यामुळे फटाक फटाक वाजायच्या. त्या आवाजावरून गल्लीतल्या कुत्र्यांनाही कळायचं की आप्पा कामावर निघाले.

हे कशामुळे झालं ते आधी सांगते. आप्पा मोंढ्यात मापाडी, म्हणजे पोती काट्यावर घालून वजन करणारे. त्यांचा काटा कधी चुकला नाही, पण संध्याकाळी घरी येताना पाऊल मात्र रोज चुकायचं. ते दारू प्यायचे, आणि थोडीथोडकी नाही. आमच्या घरात भांडी कमी आणि भांडणं जास्त होती. आई अंगणवाडीत शिकवायची आणि घरी येऊन आप्पांना सावरायची. शेवटी तिने सांगून टाकलं की या वेळी सुटली नाही, तर ती मला घेऊन कायमची नांदेडला मामाकडे जाणार. आई रागावली की ओरडायची, पण हे तिने अगदी हळू आवाजात सांगितलं, आणि त्यानेच आम्ही सगळे घाबरलो. आप्पा लातूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, बिलोलीहून पिशवी घेऊन आमच्याकडे आली. आठ दिवसांसाठी आले म्हणाली आणि कित्येक वर्षं राहिली.

आप्पांना घरी सोडायच्या दिवशी तिथल्या समुपदेशक मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. दारू सुटली म्हणजे काम संपलं असं समजू नका, खरं काम आता सुरू होतंय, आणि काहीही झालं तरी फॉलोअप सोडायचा नाही, असं त्यांनी बजावलं. आईने मान हलवली, कारण दर महिन्याला केंद्रात यायचंय हे तिला कळलं. आत्याने मात्र खात्री करून घेतली.

"म्हंजी ह्याच्या मागंच लागायचं म्हणा की," ती म्हणाली.

मॅडम घाईत होत्या. "हो मावशी, मागेच लागायचं. अजिबात सोडायचं नाही."

झालं. आत्याने पदर खोचला. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण फॉलो म्हणजे मागे जाणं हे तिला पक्कं माहीत होतं. बिलोलीत तिच्या नातवाने मोबाइल दाखवत तिला सांगितलं होतं की त्याला खूप लोक फॉलो करतात. तेव्हा तिने काळजीने विचारलं होतं की पोलिसात कळवलंस का.

दुसऱ्या दिवसापासून आत्या कामाला लागली. आप्पा काट्याजवळ उभे राहिले की ती तुरीच्या पोत्यांवर बैठक मारायची. हळूहळू सगळ्या मोंढ्याला तिची सवय झाली. कुणी आप्पांचा पत्ता विचारला की लोक सांगायचे, छत्री कुठं दिसते बघा, त्याच्या जरा पुढे शोधा. समोरच्या चहाच्या हॉटेलवाल्या सलीमचाचांनी तर तिच्यासाठी मोक्याच्या जागी एक खुर्चीच मांडून ठेवली. तिथून काटा, रस्ता आणि कोपरा असं सगळं दिसायचं. "आक्का, तुम पुलिस में होते तो चोरां उदगीर छोडके भाग जाते," असं ते म्हणायचे. आत्या त्यावर लाजायची. तिला फॉलोअप आक्का हे नाव त्यांनीच दिलं, आणि ती ते पदवी मिळाल्यासारखं मिरवायची.

सलूनमध्ये मात्र तिने कहर केला. आप्पांची दाढी झाली आणि सलूनवाल्याने नेहमीप्रमाणे बाटलीतलं ते निळं, झोंबणारं पाणी त्यांच्या गालावर चोपडलं. बाकावर बसलेली आत्या ताडकन उठली. आप्पांच्या गालाला नाक लावून तिने वास घेतला, बाटलीचा घेतला, आणि जाता जाता शेजारच्या खुर्चीतल्या परक्या माणसाच्या गालाचाही घेतला. सलूनवाला बिचारा समजावून सांगू लागला की यात थोडं स्पिरिट असतं, पण ते फक्त वरून लावतात. "म्हंजी तोंडानं सोडली आन् गालानं प्यायलाय," आत्या म्हणाली. तिने आप्पांना नळावर नेऊन साबणाने त्यांचं तोंड धुतलं, लहानपणी धुवायची तसं, कानामागे बोट घालून. तेव्हापासून ती छत्री दारात दिसली की सलूनवाला बाटली खाली ठेवायचा आणि सगळ्या गिऱ्हाइकांना तुरटी फिरवायचा.

आप्पांची गावभर शोभा होत होती. लहान पोरं त्यांच्या मागे फटाक फटाक असा तोंडाने आवाज काढत चालायची. तरी आप्पा तोंडातून शब्द काढत नव्हते. मला वाटायचं, एक दिवस यांचा संयम सुटणार, आणि हे त्या रागातच पुन्हा बाटलीला हात लावणार.

अशातच लातूरला कुटुंबीयांची बैठक होती. गोल मांडलेल्या खुर्च्या, आमच्यासारखीच पाच-सहा घरं, आणि मधे त्या मॅडम. फॉलोअप कसा चाललाय, असं त्यांनी एकेकाला विचारलं. आत्याची पाळी आली तशी ती चक्क उभी राहिली.

"येक दिस बी चुकला न्हाई, मॅडम. मोंढ्यात गेले, सलूनात गेले, दोन मयतीला गेले. मुतारीच्या भाईर बी हुबी ऱ्हायले. आजून कुठं जायाचं ऱ्हायलं आसल तर सांगा."

मॅडमना आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी तोंडाला रुमाल लावला. पण हसू काही आवरेना. मग सगळं वर्तुळच हसायला लागलं, अगदी एक नव्याने दाखल झालेला, सकाळपासून रडवेला बसलेला माणूससुद्धा. मॅडमनी आत्याचा हात हातात घेऊन प्रेमाने सांगितलं की फॉलोअप म्हणजे इथे परत येत राहणं, रस्त्याने मागे मागे जाणं नव्हे. आत्या हळूच खाली बसली. घरी येऊन तिने पिशवी भरायला घेतली. इतके दिवस आपण येड्यावानी फिरलो आणि माणसं हसत राहिली, असं ती स्वतःशीच पुटपुटत होती. मला फार वाईट वाटलं, कारण त्या हसण्यात मीही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा टोपी घालून तयार झाले, फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. मग परत आत आले.

"आक्का, चल की. उशीर व्हायलाय."

"मॅडम म्हणल्या तसं नसतंय म्हणून," आत्या पिशवीची नाडी आवळत म्हणाली.

"मॅडम लातूरला ऱ्हातेत. त्यानला आपला कोपरा म्हाईत न्हाई."

कोपरा म्हणजे मोंढ्याच्या अलीकडचा. तिथे एक परमिट रूम आहे. आप्पा इतकी वर्षं तिथे वळत आले होते की त्या वळणाला त्यांना विचार करावाच लागत नसे.

"तिथं आलं की पाय आपसूक वळतेत, आक्का," आप्पा खाली बघत म्हणाले. "मागं तुझी चप्पल वाजली की सरळ पडतेत."

आत्याने नाडी सोडली. भिंतीवरची छत्री काढली आणि आप्पांना म्हणाली की हो पुढं, तुझ्या बरोबर चालायला मी तुझी मैत्रीण न्हाई. आई आत भाकरी थापत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तव्यावरची भाकरी जळत होती. ती जळकी भाकरी त्या दिवशी आम्ही वाटून खाल्ली.

पण म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. सुनेच्या बाळंतपणासाठी आत्याला बिलोलीला जावं लागलं आणि आप्पा कोपऱ्यावर वळले. आईने कपडे भरले. मी आत्याला फोन केला. आत्या मिळेल त्या बसने आली. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती त्यांच्याजवळ बसली आणि लहानपणी आप्पा म्हशीवरून पडले की म्हणायची तेच म्हणाली, "पडलास ना? मंग काय पडूनच ऱ्हाणार हाईस का?" मग ती आईकडे वळली. आता ही आईची समजूत घालणार, थांब म्हणून हातापाया पडणार, असं मला वाटलं.

"तू जा नांदेडला," आत्या म्हणाली. "रुसून नगं जाऊस, ईसावा घ्याया जा. ह्याच्या मागं मी हाय. तुझ्या मागं कोण हाय, बाई?"

आईला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती मामाकडे गेली, पोटभर झोपली, आणि आपल्या मनाने परत आली. पुढच्या बैठकीत आप्पांनी आपण होऊन सगळ्यांसमोर सांगितलं की मी घसरलो होतो. आत्या शेजारी बसून मान हलवत होती, जणू तिचा विद्यार्थी पाठ म्हणून दाखवत होता.

मुदखेडच्या लग्नाची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. माझ्या चुलतभावाचं लग्न होतं आणि मांडवात सगळ्या पुरुषांना एकसारखे भगवे फेटे बांधले होते. आत्याला आप्पा ओळखू यायचे ते पाठमोरे, पण फेटा आणि पांढरा सदरा घातला की सगळ्या पाठी सारख्याच. गर्दीतून एक पाठ बाजूला निघाली तशी आत्या तिच्या मागे लागली. पाठ मंडपामागे गेली, आत्याही गेली. पाठीने खिशातून बाटली काढली मात्र, आत्याने मागून छत्रीचा असा दणका दिला की बाटली एकीकडे आणि फेटा दुसरीकडे. समोर नवरीचे मामा उभे होते. तिकडे आप्पा पंगतीत घामाघूम होऊन वरण वाढत होते. आता लग्न मोडतं की काय म्हणून आम्ही सगळे पांढरेफटक पडलो. तेवढ्यात नवरीच्या मामी तरातरा आल्या, त्यांनी पडलेली बाटली बघितली, नवऱ्याकडे बघितलं आणि आत्याची ओटी भरून तिला लुगडं नेसवलं. निघताना त्यांनी विचारलं की आक्का चार-सहा महिने आमच्याकडे राहायला येतील का. आत्याने आपल्याला सध्या सवड नसल्याचं कळवलं.

पुढे तिचे गुडघे गेले. पण फॉलोअप सोडायचा नाही म्हणजे नाही. तिने ओळखीचा ऑटो ठरवला, आणि आप्पांच्या मागे तो ऑटो चालत्या माणसाच्या वेगाने सरकायचा. मागे गाड्यांची रांग लागून हॉर्नचा गोंगाट व्हायचा आणि आतून आत्या छत्रीचं टोक बाहेर काढून सगळ्यांना दमाने घ्या म्हणायची. आप्पांनी मग गुपचूप स्वतःचा वेग कमी केला. ते थांबत थांबत चालायला लागले, कधी चपलेतला नसलेला खडा काढत, कधी नसलेल्या माणसाला रामराम घालत. आत्याने ऑटो सोडला आणि पुन्हा पायी यायला लागली. हा पुढं पळतोय आणि मी मागं पडले, असं तिला वाटू नये म्हणून आप्पा एवढा खटाटोप करायचे. ते मी बघितलं आणि तेव्हाच मला माझे वडील पहिल्यांदा मनापासून आवडले.

आत्या मागच्या वर्षी गेली. आमच्याच घरी, दुपारचा चहा मागवून, तो यायच्या आत. तिला नेताना मोंढ्यातली माणसं आली होती, सलूनवाला होता, सलीमचाचा तोंडाला रुमाल लावून चालत होते. आप्पांनी खांदा दिला आणि मग बाजूला होऊन सगळ्यांच्या मागे गेले. थोडं अंतर ठेवून एकटेच चालायला लागले. सख्ख्या भावाने पुढे असावं म्हणून कुणीतरी त्यांना बोलवायला गेलं. आप्पा म्हणाले, "आज तिचा फॉलोअप मी घ्यायलोय." तो माणूस परत आला आणि पुन्हा कुणी त्यांना बोलवायला गेलं नाही.

त्यानंतरचे काही आठवडे आई रोज संध्याकाळी दारात उभी राहायची. ती कशाची वाट बघते हे मला कळत होतं, कारण मीही तेच करत होते. आप्पा रोज वेळेवर यायचे, हातपाय धुवायचे आणि जेवायला बसायचे.

परवा लातूरच्या बैठकीला मी त्यांच्याबरोबर गेले. ते आत्याची छत्री घेऊन येतात आणि ती शेजारच्या खुर्चीवर ठेवतात. एक नवं कुटुंब आलं होतं. मॅडम त्यांना समजावून सांगत होत्या की फॉलोअप म्हणजे इथे परत येत राहणं. आप्पांनी हात वर केला. "त्याचा आजून येक अर्थ हाय, मॅडम," ते म्हणाले, आणि त्यांनी आत्याची सगळी गोष्ट सांगितली, अगदी मुतारीसकट. सगळे हसले, मॅडमना तर पुन्हा रुमाल काढावा लागला. त्या नव्या घरातली बाई मात्र हसली नाही. तिच्या नवऱ्याचे हात अजून थरथरत होते आणि तिने ते घट्ट धरून ठेवले होते. आता तुमच्या मागं कोण असतंय, असं तिने आप्पांना विचारलं.

"कोपऱ्यावर चप्पल वाजतीया की आजून," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची छत्री उचलून मांडीवर घेतली.