नुसता जांभळा

जगात कोणत्याही दोन वस्तू एकसारख्या नसतात, यावर माझ्या आत्याच्या यजमानांइतका ठाम विश्वास असलेला माणूस धारवाडात झाला नाही, आणि हुबळी धरली तरी सापडायचा नाही. आत्याचे यजमान म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणतो. समोर चहाचे दोन कप आले, तर मामा दोन्ही न्याहाळायचे, 'हा जरा जास्त उकळलाय' म्हणायचे आणि दुसरा उचलायचे. दोन्ही कप एकाच किटलीतून भरलेले असायचे. आमच्या गल्लीत जुळे भाऊ होते. शाळेत मास्तर त्यांच्यातल्या एकाच्या मनगटावर शाईची खूण करून ठेवायचे, पण मामा त्या दोघांना पाठमोरं पाहूनही अचूक हाक मारायचे. कसं ओळखता, असं विचारलं की चिडायचे. "कसं म्हणजे? हा बेरे, तो बेरे." बेरे म्हणजे कानडीत वेगळा. आत्या सांगते, लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर तिच्याकडे बघून मामा पहिलं वाक्य बोलले ते हे, की "बैठकीत दाखवला होता तो शालू बेरे, हा बेरे." आणि ती पुढे हळूच म्हणते, "खरं होतं ते. आमच्या बाबांनी बदलला होता."

सुभाष रोडवर आमचं खणांचं आणि इरकली लुगड्यांचं दुकान आहे. आजोबा मिरजेहून इथे आले, त्यांच्यामागे वडील बसले, वडिलांच्या मागे मी. गल्ल्यावर मी असलो तरी दुकान चालवलं मामांनीच. त्यांचा पहिला नियम असा, की ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नाही. खण उलगडला की गिऱ्हाइकाला घेऊन ते पायरीवर यायचे, कापड उन्हात धरायचे आणि मगच बोलायचे. काही रंग त्यांच्या मते सकाळी बघायचे असत, काही उन्हं कलल्यावर. "दुपारी या, आत्ता हा रंग झोपलाय," असं सांगून त्यांनी परत पाठवलेली गिऱ्हाइकं मी स्वतः पाहिली आहेत, आणि दुपारी ती परत आलेलीही पाहिली आहेत. एकदा लग्नाच्या खरेदीला आलेली अकरा माणसं त्यांनी नऊवारी इरकल बघायला रस्त्यावर आणली. रिक्षा थांबल्या, हॉर्न वाजायला लागले. चौकातला पोलीस आला आणि म्हणाला, "एन्री यजमान्र, रस्ता निम्देनु?" रस्ता तुमच्या मालकीचा का, असं विचारत होता तो. मामांनी लुगड्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "स्वल्प हिडीरी," म्हणजे जरा धरा. त्याने धरलं. पदराचा लाल काठाच्या लालापेक्षा निराळा आहे की नाही, यावर त्याचं मत घेऊनच मामांनी वाट मोकळी केली. दिवाळीला तो पोलीस बायकोला घेऊन दुकानात आला.

रंगांना दुकानात चालणारी साधी नावं मामांना पटत नसत. तांबडा, हिरवा, पिवळा ही त्यांच्या लेखी आडनावं होती, आणि आडनावाने माणूस कळत नाही. आमच्याकडे तपकिरी खण नव्हते, पेढे होते, तेही तीन: ताजा पेढा, शिळा पेढा आणि करपट पेढा. पिवळ्यात नव्या सुनेची हळद होती आणि जुन्या सुनेची हळद होती. दुसरी जरा मळकट. खाकीत पोस्टमनचा शर्ट. जांभळ्याच्या घरात तर सात जण राहायचे, त्यात एक कच्चं वांगं आणि एक भरलं वांगं. नवा माल आला की मामा प्रत्येक तुकड्याच्या कडेचा एक धागा ओढून शाळेच्या रेघी वहीत डिंकाने चिकटवायचे आणि खाली नाव लिहायचे. नाव सुचेपर्यंत तो खण विकायला निघायचा नाही. एकदा एक फिका हिरवा नावावाचून नऊ दिवस अडून राहिला. दहाव्या दिवशी मामा जेवता जेवता उठले आणि हात न धुता दुकानात फोन केला. "लिही. पावट्याची साल, आतली बाजू."

या माणसाचं आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीशी भांडण झालं तेही रंगावरूनच. त्या विजापुरात राहतात. मामा त्यांना अक्का म्हणतात. दर भाऊबीजेला मामा त्यांना खण घेऊन जायचे. एके वर्षी त्यांनी ताटात खण ठेवला आणि अक्का म्हणाल्या, "अरे, हा तर मागल्या वर्षीचाच रंग." मामा म्हणाले, मागल्या वर्षीचा जांभूळबी होता, हा करवंदी आहे. अक्का म्हणाल्या, जांभळा तो जांभळा. दोघंही एकाच आईची. शेवटी मामांनी ताटातला खण उचलला, धोतराच्या फडक्यात बांधला आणि परतीची बस धरली. अकरा वर्षं बोलणं नाही. तो खण दुकानातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये, त्याच फडक्यात होता. तो विणणारा हातही पुढे थांबला आणि तसा करवंदी पुन्हा आला नाही. मामा दर दिवाळीआधी गाठ सोडायचे, खण पायरीवर नेऊन उन्हात बघायचे, कडुलिंबाचा नवा पाला घालून परत बांधायचे. "अक्का येईल ना, तेव्हा तिला पायरीवर उभी करून दाखवणाराय. बाकी काही बोलणार नाही." ती येईल याबद्दल त्यांना शंका नव्हती. बसभाडं त्यांनी द्यायचं की तिने, एवढाच प्रश्न होता.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. एवढा वेळ मी तेच टाळतोय.

तीन वर्षांपूर्वी मी दुकान ऑनलाइन केलं. गोकुळ रोडवर छोटा कारखाना असलेल्या एका ओळखीच्या इंजिनिअरने सगळं मांडून दिलं आणि समजावलं, की प्रत्येक खणाचं वेगळं पान करायचं नाही. एका नक्षीचं एक पान, आणि त्याच्या पोटात रंगांचे व्हेरिएंट. गिऱ्हाईक नक्षी बघेल, खालच्या यादीतून रंग निवडेल, त्या रंगाचे किती नग शिल्लक आहेत ते कॉम्प्युटर सांभाळेल. मी हे मामांना सांगितलं.

"म्हणजे नक्षी ही आई आणि रंग ही तिची पोरं?"

"तसंच समजा."

"मग पोरांना नावं नकोत?"

महिनाभर ते वहीतून नावं सांगत होते आणि मी टाइप करत होतो. एकेका नक्षीखाली साठ-साठ नावांची यादी झाली. मोबाइलवर ती बोटाने सरकवता सरकवता माणूस दमायचा. मग फोन सुरू झाले. करपट पेढा म्हणजे कोणता हो? फोन मामाच घ्यायचे. "ताई, तुमच्या घरात खिडकी कुठल्या बाजूला? पूर्वेला? मग हा घेऊ नका, तुम्हाला तो शिळा दिसेल." मी पान काढलं होतं विकण्यासाठी, आणि मामा कोल्हापूर-नागपूरच्या बायकांना परत पाठवत होते. इंजिनिअर हसून म्हणाला, "अण्णा, व्हेरिएंट कमी करा. जगात लोक आठ-दहा रंगांत भागवतात."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी एकटाच बसलो आणि नऊ रंग ठेवले. पेढे तीनही तपकिरीत गेले. दोन्ही सुना पिवळ्यात नांदायला लागल्या. सात जणांचा मिळून झाला जांभळा. मामांना सांगितलं नाही. ते कॉम्प्युटरकडे बघत नसत, बघितलं तरी म्हणत, याच्यातला रंग खोटा. मग दुकानातले सगळे नग मोजून भरले, आणि जांभळ्याच्या मोजणीत खालच्या ड्रॉवरमधल्या फडक्यातलाही एक धरला. कॉम्प्युटरला फडकं कळत नाही, एवढाच तेव्हाचा माझा विचार. निदान तसं मी स्वतःला सांगतो.

सहा महिन्यांनी नाशिकच्या एका बाईंची मागणी आली. जांभळा, एक नग. पडद्यावर लिहिलं होतं, शिल्लक एक. मांडणीवर शोधलं, नव्हता. मामा जेवायला गेले होते, कुरिअरवाला पायरीवर उभा होता. मी खालचा ड्रॉवर उघडला, गाठ सोडली, कडुलिंबाचा पाला झटकला. तो कुणासाठी आहे हे मला माहीत होतं. त्या क्षणी मात्र मला वाटलं, हे मामांचं एक खूळ, असाच दुसरा जांभळा आला की आणून ठेवू, कोणाला कळणार आहे. पाकीट बंद केलं आणि फडक्याला पूर्वीसारखीच गाठ मारून ठेवून दिलं. ती गाठ मी मारली, हे मला खण पाठवल्यापेक्षाही जास्त टोचतं.

श्रावणात अक्का आल्या. धारवाडात कुणाकडे तरी मंगळागौर होती, तिथून रिक्षा करून थेट दुकानात. वाकलेल्या, हातात काठी. मामा खुर्चीवरून उठले, बहिणीचा हात धरून तिला पायरीवर नेऊन उभं केलं. अक्का म्हणाल्या, "अरे, बस तरी म्हण. अकरा वर्षांनी आले, उन्हात कशाला उभी करायलास?" मामा म्हणाले, "दोनच मिनिटं." आणि खालचा ड्रॉवर उघडला.

गाठ सोडून ते नुसतं फडकं हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी ते झटकलं. मग ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून खाली बसून बघितलं. मी दोन हातांवर कॉम्प्युटरपुढे होतो. मला एवढंच म्हणायचं होतं, की मामा, तो मी पाठवला. वर्षभर मी त्यांना ऐकवत होतो, की माणूस चुकतो, कॉम्प्युटर चुकत नाही. ते वाक्य आडवं आलं असेल. मी पडद्याकडे बघत राहिलो.

"मीच कुणाला तरी देऊन बसलो असणार," मामा म्हणाले. "माझ्या लक्षात नाही."

त्यांच्या तोंडून 'लक्षात नाही' हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. अक्का आत आल्या. भांडायला आल्याच नव्हत्या त्या. मांडणीवरचा एक जांभळा उचलून पाठीवर हात फिरवल्यासारखं म्हणाल्या, "हा दे की. मी तेव्हाच म्हटलं नव्हतं का, सगळे सारखेच असतात रे."

मामांनी त्या खणाकडे बघितलं. उन्हात नेला नाही.

"हौदक्का," त्यांनी कानडीत होकार दिला. "सारखेच."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. "म्हणतात, मला आता रंग लक्षात राहत नाहीत, मी बसून चुका करणार, पोराचं नुकसान होईल. तू एकदा ये रे. तुझं ऐकतील." मी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मागण्या भराभर जायला लागल्या, फोन पाच मिनिटांत संपायला लागले. रायापूरच्या त्यांच्या घरून वही आली, कागदात गुंडाळून, वर लिहिलेलं: दुकानात असू दे. सणासुदीला मी तिकडे जायचो तेव्हा मामा चहाचा जवळचा कप उचलायचे. बघायचेही नाहीत.

दोन वर्षं गेली. गेल्या महिन्यात नवा माल आला, त्यात तीन निळे होते. ते वेगळे आहेत एवढं मला कळत होतं, इतकी वर्षं मामांच्या शेजारी बसलो त्याचं तेवढंच शिल्लक. तिन्ही घेऊन मी अकराच्या उन्हात पायरीवर उभा राहिलो, आणि नाव एकाचंही सुचेना. त्या संध्याकाळी मी नाशिकच्या बाईंना फोन केला. तो खण परत मिळेल का, हवा तर दुसरा पाठवतो. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. त्यांनी त्याची पर्स शिवून घेतली होती. आवर्जून फोटो पाठवला.

तो फोटो घेऊन मी रायापूरला गेलो आणि आत्याच्या देखत सगळं सांगितलं. नऊ रंग, मोजणी, पाकीट, गाठ, सगळं. आत्या पदराला हात पुसत माझ्याकडे बघत राहिली. मामा शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून बोलायलास. वडिलांसारखाच आहेस, दुसऱ्याचं अंगावर घ्यायची सवय."

"मामा, खरंच मी पाठवला. हा बघा, पर्स केलीय त्याची. हा करवंदीच ना?"

"फोनात रंग खरा दिसत नाही रे."

तरी ते उठले. सवयीने फोन घेऊन पायरीवर गेले आणि कापड धरायचे तसा दोन्ही हातांत उन्हात धरला. उन्हात पडदा काळा पडला. ते बराच वेळ तो असा कलवून, तसा कलवून बघत होते. मी मागे उभा होतो, आणि मला अक्कांना पायरीवर उभं केलेला तो दिवस आठवत होता.

"याच्यात काही दिसत नाही," फोन परत देत ते म्हणाले. "पण तू म्हणतोस तर असेल."

आत्याने सोडवणूक करावी तसं विषय बदलला, जेवूनच जा म्हणाली. मामांची नजर माझ्या शर्टावर गेली होती. बाही दोन बोटांत धरून त्यांनी ती उन्हाकडे जरा ओढली. डोळे बारीक झाले, ओठ हलले. पावट्याच्या वेळी झाला असेल तसाच चेहरा. वही गाडीत होती, पेन खिशात.

मग त्यांनी बाही सोडली, सुरकुती हाताने सारखी केली.

"निळा आहे," म्हणाले. "नुसता निळा."